जुन्या गाडीच्या मूळ स्टिरिओला सबवूफर आणि ॲम्प जोडताय? या चुका टाळा

गाडी जुनी आहे, डॅशबोर्डचा मूळ चेहरा बिघडवायचा नाही, पण गाण्यातला खालचा भारदस्त आवाज हवा आहे. मग कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून डिकीत ॲम्प आणि सबवूफर बसवायचा, हा विचार रास्तच आहे. काम झाल्यावर मात्र तक्रारी सुरू होतात: इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी, सकाळी उतरलेली बॅटरी, तापलेली वायर, मोठ्या आवाजाला अचानक गप्प होणारा ॲम्प. यात सबवूफरचा स्वतःचा दोष क्वचितच निघतो. बहुतेक वेळा दोष वायर, अर्थ (ॲम्पच्या निगेटिव्हची गाडीच्या बॉडीशी जोड) किंवा सिग्नलच्या जोडात असतो, कारण सगळे पैसे सब आणि ॲम्पवर गेलेले असतात आणि कंजुषी नेमकी वायरवर झालेली असते.

हात घालण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. त्याच्याही आधी स्टिरिओला सुरक्षा कोड आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. बऱ्याच जुन्या स्टिरिओंची वीज तुटली की ते कोड मागतात आणि कोड हाताशी नसेल तर स्टिरिओ मुका होऊन बसतो. गाडी फारच जुनी, १९५०-६०च्या दशकांतली असेल तर ती १२ व्होल्टचीच आहे ना आणि बॉडीला बॅटरीचं निगेटिव्हच जोडलंय ना, हे तपासा. त्या काळात ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाड्याही होत्या. आजचा ॲम्प त्यांना सरळ जोडला तर जळेल. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावू नका.

डिकीत स्क्रू मारण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या कित्येकदा तिथेच असतात.

फ्यूज ॲम्पजवळ, बॅटरीजवळ काहीच नाही

ही सगळ्यात धोकादायक चूक. ॲम्पला स्वतःचा फ्यूज असतो, म्हणून काही जण बॅटरीजवळचा फ्यूज गाळतात. पण तो फ्यूज ॲम्पसाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर जाते. मधे कुठे पत्र्याच्या कडेला घासून तिचं इन्सुलेशन फाटलं तर बॅटरी शेकडो अँपिअर थेट बॉडीत ओतते आणि आग लागू शकते. फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आतच हवा आणि त्याचा आकडा वायरला झेपेल इतकाच हवा. वायर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आत नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) वापरा. जुन्या गाडीतलं आधीचं ग्रोमेट बहुधा कडक होऊन तडकलेलं असतं, ते बदलूनच टाका.

वायरची जाडी अंदाजाने ठरवू नका. खरोखर ५०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी ताकद) देणारा क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १३.८ व्होल्टला तो पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. एवढ्या लांबीवर एवढ्या करंटला ४ गेजची तांब्याची वायर हवी. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे नवख्यांना उलटं वाटतं. आणि स्वस्त किटमधली वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. बाहेरून जाडजूड दिसते, पण त्यात बरीचशी जाडी नुसत्या प्लास्टिकची असते. टोक खरवडून आतला धातू चंदेरी निघाला तर एक माप जाड वायर घ्या, नाहीतर सरळ तांब्याची आणा.

अर्थ: बहुतेक दुखणी इथेच असतात

इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून ‘कुंऽऽई’ असा चढता आवाज येतो, तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. लगेच लोक फिल्टर आणतात. फिल्टरने शिट्टी कदाचित दबेल, दोष तसाच राहतो. आधी अर्थ बघा.

अर्थची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड आणि होईल तेवढी आखूड हवी, अर्ध्या मीटरच्या आत. जागा बॉडीच्या मुख्य जाड पत्र्यावर निवडा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो सुरक्षेसाठी आहे आणि त्याच्याखाली रंगही असतो. निवडलेल्या जागेवरचा रंग, प्रायमर आणि सीलंट पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) वायरवर पक्कं दाबा, वायर ओढून बघा, मग स्टार वॉशर घालून नट-बोल्टने आवळा. पत्र्यात नुसता स्क्रू मारला तर धक्क्यांनी तो काही महिन्यांत सैल होतो. वरून रंगाचा किंवा ग्रीसचा हात फिरवा, नाहीतर उघडा पत्रा गंजेल आणि हीच तक्रार वर्षभराने परत येईल.

तपासताना मल्टिमीटर ओहमवर लावून ‘शून्य दाखवतोय, अर्थ ठीक आहे’ असं समजू नका. साध्या मीटरला इतका कमी रोध दिसतच नाही. अवघा ०.०२ ओहमचा दोष ४५ अँपिअरला ०.९ व्होल्ट खातो. मीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरं लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा आणि गाणं मोठ्याने चालू ठेवा. ०.१-०.२ व्होल्ट दिसले तर चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर एकेक जोड तपासा. जुन्या गाडीत बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या मूळ पट्ट्याच हिरव्या पडलेल्या असतात. त्या दोन आणि अल्टरनेटर ते बॅटरी ही तिसरी, अशा तीन वायरी नव्या जाड टाकल्या तर अर्धी दुखणी तिथेच संपतात. नवा ॲम्प घेण्यापेक्षा हा खर्च आधी करावा, असं माझं मत.

कंपनीच्या स्टिरिओतून सिग्नल घेताना

जुन्या स्टिरिओला आरसीए आउटपुट (ॲम्पसाठीचा कमी व्होल्टचा वेगळा सिग्नल) सहसा नसतं. मग सिग्नल स्पीकरच्या वायरींवरूनच घ्यावा लागतो. ॲम्पला ‘हाय लेव्हल’ इनपुट असेल तर थेट, नसेल तर लाइन आउटपुट कन्व्हर्टरमधून, म्हणजे स्पीकरचा सिग्नल आरसीएइतका कमी करणाऱ्या डबीतून. स्पीकरच्या वायरीवर कित्येक व्होल्टचा सिग्नल असतो, तो कन्व्हर्टर न लावता आरसीए इनपुटला दिला की आवाज फाटतो, कधी इनपुटही जातं.

दुसरी चूक महागात पडते. स्पीकरची ‘मायनस’ वायर म्हणजे अर्थ असं समजून ती बॉडीला जोडतात. बहुतेक स्टिरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी स्टिरिओतल्या ॲम्प आयसीच्या (चिपच्या) जिवंत आउटपुट असतात आणि दोन्हींवर बॅटरीच्या निम्मं, म्हणजे ६-७ व्होल्ट डीसी असतं. तुमच्या गाडीत तसं आहे का, हे स्टिरिओ चालू करून मीटरचं एक टोक बॉडीवर आणि दुसरं त्या वायरवर धरलं की लगेच कळतं. तसं असताना मायनस वायर बॉडीला टेकवली तर स्टिरिओची आयसी जाऊ शकते, आणि जो स्टिरिओ वाचवायला हा खटाटोप केला तोच हातचा जातो. फारच जुन्या काही स्टिरिओंत मात्र स्पीकरचं एक टोक खरोखर बॉडीलाच असतं, म्हणून आधी मोजा, मग जोडा.

काही गाड्यांत कंपनीनेच सीटखाली किंवा डिकीच्या बाजूला छोटा ॲम्प दिलेला असतो. तिथे सिग्नल त्याच्या पुढून, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या बाजूने घ्या.

चिमट्यासारखे टोचणारे कनेक्टर जुन्या वायरींवर वापरू नका. ठिसूळ झालेले धागे त्यात तुटतात. इन्सुलेशन सोलून डाग द्या आणि वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवा.

एवढं करूनही एक तक्रार उरते: हळू आवाजाला सब छान वाजतो, आवाज वाढवला की बास गायब. इथे सबला दोष देऊ नका. स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक मूळ स्टिरिओ आवाज वाढेल तसा बास आपणहून कमी करतात. यावर उपाय म्हणजे बास भरून काढणारा कन्व्हर्टर, किंवा रोजच्या आवाजाच्या पातळीवर सेटिंग करून त्याच्या वरचं सोडून देणं. गाडीचा मूळ चेहरा राखायचा तर ही मर्यादा काही अंशी पत्करावी लागते.

रिमोटची वायर

ॲम्पला चालू-बंद सांगणारी ही बारीक वायर. कंपनीच्या स्टिरिओत तिचं आउटपुट नसलं की कोणीतरी ती थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडतं आणि ॲम्प रात्रभर जागा राहतो. नुसता चालू असलेला ॲम्पही अँपिअरभर करंट ओढू शकतो, त्यामुळे दोन दिवस उभी राहिलेली गाडी सेल्फ घेत नाही. चावी फिरवल्यावरच वीज येते अशा फ्यूजवरून ही वायर घ्या. काही कन्व्हर्टर आणि ॲम्प स्पीकरच्या वायरीवरचं डीसी ओळखून आपोआप चालू होतात, ते असेल तर हा प्रश्नच उरत नाही. खात्रीसाठी चावी काढून, दारं बंद करून, थोडा वेळ थांबून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्या मधे मीटर लावून करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर निर्धास्त राहा.

ओहमचा हिशेब

ॲम्प किती ओहमपर्यंत स्थिर आहे ते त्याच्यावर छापलेलं असतं, तेच प्रमाण. ४ ओहमच्या दोन कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांचा) सब समांतर जोडला तर २ ओहम, एकामागे एक जोडला तर ८. असे दोन सब सगळे समांतर जोडले तर १ ओहम, आणि बहुतेक दोन चॅनलचे ॲम्प ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच सब चालवताना, ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. तापून प्रोटेक्टमध्ये जाणाऱ्या, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडणाऱ्या ॲम्पचं कारण बऱ्याचदा हेच असतं. मीटरवर ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.८ दाखवते, घाबरू नका.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

गेन पूर्ण फिरवला की ताकद जास्त मिळते, हा समज सबच्या कॉइली जाळतो. गेनचं काम स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचं इनपुट जुळवणं, एवढंच. त्यापलीकडे तो नेला की तरंगाची टोकं कापली जातात आणि कॉइल तापते.

पद्धत अशी. सबच्या वायरी ॲम्पवरून काढा. स्टिरिओचे बास, ट्रेबल शून्यावर, लाउडनेस बंद, ॲम्पवरचा बास बूस्टही बंद. गेन किमान. ५० हर्ट्झचा टोन सीडीवरून किंवा ऑक्समधून लावा आणि स्टिरिओचा आवाज जिथपर्यंत स्वच्छ राहतो तिथपर्यंत, साधारण तीन चतुर्थांश, वाढवा. मीटर एसी व्होल्टवर लावून ॲम्पच्या आउटपुटवर धरा. हवे असलेले वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे तुमचा आकडा: ३०० वॅट आणि ४ ओहमला ३४.६ व्होल्ट, ५०० वॅट आणि २ ओहमला ३१.६. गेन हळूहळू वाढवत त्या आकड्यावर थांबा. वॅट आरएमएसचेच धरा, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले ‘मॅक्स’ विसरून जा. मग सब जोडून कानाने ऐका. खटकलं तर गेन कमी करा, जास्त नको. लो पास (सबकडे फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा.

बास हवा तिथे पोचत नाही

दोन सब असतील आणि एकाची वायर उलटी असेल तर एक पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघं मिळून एकमेकांचा आवाज खातात. पेन्सिल सेल घ्या, पॉझिटिव्ह टोक सबच्या प्लसला आणि निगेटिव्ह मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर बरोबर. एकच सब असेल तर चालकाच्या सीटवर बसून ऐका, दुसऱ्या कोणाला तरी फेजचं बटण किंवा वायरी उलटवायला लावा आणि बास जास्त भरीव वाटेल ती बाजू ठेवा.

बॉक्सचं माप सबच्या कागदावर दिलेलं असतं, ते पाळा. बंद बॉक्सच्या सांध्यांतून हवा सुटत असेल तर आतून सिलिकॉन भरा. पोर्टवाल्या (हवेसाठी तोंड ठेवलेल्या) बॉक्सला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) लावाच, नाहीतर फार खालच्या सुरांना कोन बेलगाम हलतो.

दिवे मंद होतात म्हणून कॅपॅसिटर

जुन्या छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर मुळातच कमी अँपिअरचे, आणि इंजिन नुसतं चालू असताना तर आणखी कमी देतात. म्हणून लोक १ फॅरडचा कॅपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात देणारा भाग) लावतात. १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना त्यात जेमतेम ३२ जूल मिळतात, म्हणजे ५०० वॅटला सेकंदाच्या पंधराव्या भागापुरते. क्षणिक झटका तो झाकेल, तूट भरून काढणार नाही. वर सांगितलेल्या तीन वायरी, चांगली बॅटरी आणि अल्टरनेटरला झेपेल इतकाच ॲम्प, हा खरा उपाय.

ॲम्पवर लाल दिवा लागला तर

आधी सबच्या वायरी काढा. दिवा गेला तर दोष सब किंवा त्याच्या वायरीत, बहुधा एखादा धागा बाजूच्या टर्मिनलला टेकलेला. नाही गेला तर आरसीए काढा. तरीही लाल असेल तर ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज आणि अर्थ मोजा. तिथेही सगळं ठीक असेल तरच ॲम्प उघडायचा विचार करा. अर्धा तास वाजून मग लाल होत असेल तर तो तापतोय: सीटखालच्या गालिच्यात गुंडाळलेला किंवा सबच्या बॉक्सवर ठोकलेला ॲम्प तिथून हलवा, उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्याच्या धातूच्या पंखांना हवा लागू द्या.

आणि सगळं नीट झाल्यावर मागून खरखर ऐकू आली तर सबला हात लावण्याआधी नंबरप्लेट, डिकीचं झाकण आणि मागच्या काचेखालचा पत्रा गाणं चालू असताना हाताने दाबून बघा. ज्यावर हात ठेवल्यावर आवाज थांबेल, तिथे फोमची पट्टी चिकटवा.