सहाव्या हॉपचा काहीच दोष नव्हता

पिंग चालवता येतं आणि आरटीटी म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ हे ठाऊक आहे, असं धरून लिहितोय. नसेल तर आधी तेवढं उरकून या, एका संध्याकाळचं काम आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी तक्रार आली, की रात्री ॲप्लिकेशन अडकतंय. मी दुपारी ट्रेसराउट लावला. पॅकेट वाटेत ज्या-ज्या राउटरवरून जातं, त्या प्रत्येकाचा (त्यालाच हॉप म्हणतात) आरटीटी हे टूल दाखवतं. पाचव्या हॉपपर्यंत १२ मिलिसेकंद, सहाव्यावर एकदम १८०. चोर सापडला! पलीकडच्या नेटवर्कवाल्यांना खरमरीत मेल ठोकला, साहेबांना सीसीत ठेवून. त्याच स्क्रीनवर सातव्या, आठव्या हॉपसमोर १४ आणि १५ होतं. ते मी पाहिलंच नाही.

हे नीट डोक्यात बसवा. राउटर पॅकेट पुढे ढकलतो ते बहुधा हार्डवेअरमधून, झपाट्याने. पण ज्या पॅकेटचा टीटीएल (किती हॉप जायचं याची मर्यादा; ट्रेसराउट ती मुद्दाम छोटी ठेवतो) संपला त्याला उत्तर पाठवायचं काम त्याच्या सीपीयूकडे जातं, आणि तो ते सवडीने करतो, कधी करतच नाही. मधेच आकड्यांऐवजी तारे (*) दिसतात ते बरेचदा यामुळेच. म्हणजे १८० हा राउटरला उत्तर द्यायला लागलेला वेळ होता. खरोखर तिथे पॅकेट अडकत असतं, तर सातव्या-आठव्याचे आकडेही फुगले असते, कारण त्यांची पॅकेटंही तिथूनच गेली. वाढ शेवटपर्यंत टिकली तरच संशय घ्या. आणि तेव्हाही जपून, कारण ट्रेसराउटला फक्त जायची वाट दिसते. उत्तर भलत्याच वाटेने येत असेल. जमलं तर दोन्ही टोकांकडून लावा.

चूक सगळ्यांची होते, घाबरू नका. मात्र स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट चिकटवून निदान केलं असं म्हणू नका. आयती उत्तरं देणाऱ्या सीनियरपासूनही जरा लांबच राहा. माझ्या सीनियरने एकच विचारलं, "अंतर किती?" फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच. त्याखाली कुणाचा बाप नेऊ शकत नाही. हा हिशेब आधी, टूल नंतर. सरासरीवरही फार विसंबू नका, ९९वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे शंभरातली ९९ मोजमापं ज्याच्या आत येतात तो आकडा. शिव्या तिथूनच येतात.

मग रात्री थांबून मोजलं. आमचाच बॅकअप अपलोड होत होता आणि आमच्याच राउटरच्या बफरमध्ये पॅकेटांची रांग लागली होती. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा शब्द रूढ केला. दुसऱ्या हॉपपासून शेवटपर्यंत सगळीकडे ४००च्या वर. लाइन रिकामी असताना हे कधीच दिसलं नसतं. राउटरवर एफक्यू-कोडेल (ही रांग आटोक्यात ठेवणारी पद्धत) चालू केलं, वेगाची मर्यादा लाइनच्या किंचित खाली ठेवली, आकडे २०च्या आत आले.

माफीचा मेल पाठवला, तोही साहेबांना सीसीत ठेवूनच.