रायफलचा दस्ता आणि साईट : या चुका टाळा

महूला इन्फंट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट असल्यामुळे इंदूरच्या मराठी घरांत रायफलीचा विषय नवा नाही. फौजेतली मुले सुट्टीवर आली की माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न "काका, साईट कोणती चांगली?" हाच असतो. गोळ्या विस्कटल्या की नेम धरायची साईटच बदलायची, ही घाई मी आर्मरर, म्हणजे फौजेची शस्त्रे सांभाळणारा कारागीर, म्हणून नोकरीभर पाहिली. आधी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा रायफलचा मागचा भाग, जवानाच्या अंगाला बसवावा, मग गाल आणि डोळ्याची जागा पक्की करावी आणि त्यानंतरच साईटचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे दस्त्याचे माप कोपराने घेणे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक आतल्या बाजूला टेकवायचे आणि बोट चापापर्यंत पोहोचले की माप जमले असे मानायचे, ही पद्धत अंगात साधा सदरा असेल तर कामचलाऊ आहे; जवान मात्र बुलेटप्रूफ जॅकेट घालून लढतो आणि त्याची सगळी जाडी खांदा व दस्ता यांच्यामध्ये येते. ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीच्या जमान्यातही दस्ते वेगवेगळ्या लांबीचे मिळत आणि एका मापापासून दुसऱ्यात साधारण अर्ध्या इंचाचा फरक असे, कारण तेवढ्यानेही नेमबाजी बदलते हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होते.

हिवाळ्यात एका तुकडीच्या फायरिंगला बेताच्या उंचीचा एक जवान होता. जॅकेटशिवाय त्याचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या गोळ्यांचा पसारा, मुठीएवढा येई, जॅकेट चढवले की गोळ्या टार्गेटभर पसरत. "उस्ताद, साईटच हलते," असे तो सांगत राहिला आणि त्याच्या वरिष्ठांनी एकामागून एक साईटी बदलून पाहिल्या. मी त्याला सदरा काढायला लावला, तेव्हा रायफलच्या धक्क्याचा निळा डाग खांद्याच्या खळगीत नसून बाहेरच्या बाजूला, दंडावर होता. लांब पडणारा दस्ता तो दंडावर टेकवत होता, मान पुढे ताणत होता आणि त्याचा गाल दर गोळीला नव्या जागी लागत होता. त्याच्या सिग ७१६ रायफलचा दस्ता मागेपुढे सरकतो, म्हणून जॅकेट आणि हेल्मेटसह उभे करून मी तो आखूड केला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितले आणि डोळे उघडताच साईट समोर येईपर्यंत खाचा बदलत राहिलो. मूळचीच साईट परत बसवली आणि त्याच दिवशी ग्रुप जुळला. आखूड दस्त्याचा आणखी एक फायदा असा, की जवान शत्रूकडे छाती करून उभा राहू शकतो आणि जॅकेटमधली गोळी अडवणारी प्लेट समोर राहते. लांब दस्ता त्याला आडवे वळायला भाग पाडतो.

साईट निवडताना अंतर आणि काम पाहावे, दुसऱ्याच्या रायफलवर काय दिसले ते नव्हे. घराघरांतल्या जवळच्या लढाईत दोन्ही डोळे उघडे ठेवता येणारी रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट, उपयोगी पडते, तर डोंगरात दूरचे ओळखायचे असेल तर मोठे करून दाखवणारी दुर्बीण हवी. दुर्बिणीला डोळ्यापासून ठरावीक अंतर लागते. ते न सांभाळता ७.६२ मिलिमीटरची गोळी झाडली की धक्क्याने दुर्बीण लागून भुवई फुटते.

नवशिके रेड डॉटचा उजेड पूर्ण वाढवतात आणि ठिपका फुलून टार्गेट झाकतो. २ मिनिट ऑफ अँगलचा (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका मुळातच ३०० मीटरवर सुमारे १७ सेंटिमीटर जागा व्यापतो. उजेड कमी करूनही तो फाटलेला दिसत असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत, कारण हा दोष पुष्कळदा साईटचा नसून दृष्टीचा असतो.

काच नसलेल्या साध्या साईटला कमी लेखू नये. तिच्या पुढच्या आणि मागच्या भागांतले अंतर अर्धा मीटर असेल, तर पुढचा भाग १ मिलिमीटर सरकल्याने १०० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर चुकते.

जॅकेट न घालता झिरोइंग, म्हणजे गोळी नेमावर पडेल अशी साईट जुळवणे, करू नये.

साईटचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळणे मला मान्य नाही. ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळून झाल्यावर मी स्क्रूच्या डोक्यापासून माउंटपर्यंत, म्हणजे साईट रायफलवर धरून ठेवणाऱ्या भागापर्यंत, पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. रायफल गाडीतून उतरली की आधी ती रेघ पाहायची, आणि ती तुटलेली दिसली तर स्क्रू आवळून झिरोइंग नव्याने करायचे.