ड्रायर आवाज करू लागला तर घरी काय तपासावे

विदर्भातल्या खेड्यांत ड्रायर वर्षभर चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दोरीवरचे लुगडे पाहता पाहता वाळते आणि सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमधला कपडे पिळणारा टब, म्हणजेच ड्रायर, महिनोन्‌महिने बंद राहतो. मग श्रावणात चार-चार दिवस झड उघडत नाही, निंदणाहून परतलेल्यांचे चिखलाने भरलेले कपडे रोज धुवावे लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत ड्रायर धडधडू, किंचाळू किंवा घरघरू लागतो. मेकॅनिक तालुक्याच्या गावी असतो आणि नाल्याला पूर असला तर तो येऊही शकत नाही. अशा वेळी आवाज कशाचा आहे, त्यावरचा उपाय घरी करता येण्याजोगा आहे का, आणि तोपर्यंत मशीन चालवणे सुरक्षित आहे का, एवढे तरी घरातल्या एकाला समजले पाहिजे.

त्यासाठी आत काय आहे हे थोडक्यात माहीत असावे. पिळणाऱ्या टबाचा शाफ्ट, म्हणजे त्याला फिरवणारा दांडा, तळातल्या रबरी सीलमधून खाली उतरतो. या सीलला मेकॅनिक बेलो म्हणतात. खाली तो शाफ्ट एका ब्रेक ड्रमला बोल्टांनी जोडलेला असतो आणि तो ड्रम मोटारीच्या शाफ्टवर बसवलेला असतो. मोटार थेट मशीनच्या तळाला घट्ट बसवलेली नसते, तर तीन स्प्रिंगांवर उभी असते. झाकण लावले की एक तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो आणि स्विच जुळतो. झाकण उघडले की स्विच तुटतो आणि ब्रेकची पट्टी ड्रमवर दाबली जाते. आवाजाची जवळपास सगळी कारणे सील, स्प्रिंग, ब्रेक, बोल्ट आणि मोटार या पाच ठिकाणी किंवा टबात भरलेल्या कपड्यांत सापडतात.

पाना हातात घेण्याआधी आवाज ऐकावा

आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा होतो हे अधिक सांगून जाते. सुरू होताना आणि थांबताना काही सेकंद टब हेलकावे खातो, हे स्वाभाविक आहे, कारण स्प्रिंगांवर तोललेली मोटार कमी गतीच्या एका टप्प्यातून जाताना जोराने डोलते आणि तो टप्पा ओलांडला की स्थिर होते. हेलकावे पूर्ण गतीलाही थांबत नसतील, तर मात्र दोष आहे असे समजावे.

सर्वांत उपयोगी चाचणी फुकट आहे. सगळे कपडे काढून, झाकण लावून, रिकामा ड्रायर मिनिटभर चालवावा. आवाज नाहीसा झाला तर दोष बहुधा कपडे भरण्याच्या पद्धतीत आहे. राहिला तर यंत्रात आहे. एवढी एक गोष्ट फोनवर सांगितली तरी मेकॅनिकला कोणते सामान बरोबर आणायचे याचा अंदाज येतो आणि त्याची एक खेप वाचते.

आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ही मोटार मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेऱ्या मारते. इतक्या गतीला टबाच्या एका बाजूला, मध्यापासून १२ सेंटिमीटरवर, केवळ १०० ग्रॅम वजन जास्त असले तरी ते टबाला सुमारे २५ किलोच्या जोराने बाहेर ओढते. मूठभर ओल्या कापडाचा हा परिणाम असेल, तर एका बाजूला गोळा झालेली भिजलेली सोलापुरी चादर मशीन जागेवरून का सरकवते हे सहज लक्षात येईल. म्हणून मोठे वस्त्र टबात टाकताना त्याचा गोळा करू नये. टबाच्या भिंतीलगत गोल गोल रचत आणावे, जड कपडे खाली व हलके वर ठेवावेत आणि मशीनबरोबर आलेली प्लास्टिकची चकती वरून दाबून बसवावी. ही चकती अनेक घरांत पहिल्या वर्षातच हरवते. ती नसली की रुमाल, मोजे, ब्लाउजच्या बाह्या वर येऊन टबाच्या काठावरून बाहेरच्या पोकळीत घुसतात, आणि मग फटफट आवाज तर होतोच, कपडाही फाटतो.

शेतात पांघरलेले रेनकोट, मेणकापड किंवा प्लास्टिकचे अस्तर असलेली कोणतीही वस्तू ड्रायरमध्ये मुळीच घालू नये. त्यांच्या घडीत पाणी अडकून राहते, ते भोकांतून बाहेर पडू शकत नाही, आणि भर गतीत ते एका बाजूला सरकले तर टब मशीनच्या भिंतीवर आदळून फुटू शकतो. झडीच्या दिवसांत हा मोह होतो, परंतु तो टाळावा.

फरशीकडेही पाहावे. मशीन सांदवाडीत किंवा न्हाणीजवळ ठेवलेले असते आणि तिथली जमीन पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. मशीनचे चारही पाय टेकतात का, हे वरचे कोपरे आळीपाळीने दाबून पाहावे आणि डुलत असल्यास सपाट, न घसरणारी रबराची चकती पायाखाली द्यावी. विटांवर मशीन चढवू नये. थरथरीने वीट सरकते आणि मशीन कलंडते.

वीज बंद करूनच आत पाहावे

येथून पुढचे प्रत्येक काम प्लग सॉकेटमधून बाहेर काढूनच करावे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या घरांतल्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असण्याची शक्यता असते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू नये. मागचे झाकण काढल्यावर लगेच हात घालू नये. आधी टॉर्चचा उजेड आत पाडावा, कारण पावसाळ्यात अंधाऱ्या, उबदार जागी विंचू किंवा पाल बसलेली असू शकते. ज्या घरात वेचलेला कापूस साठवलेला असतो, तिथे उंदीर खालून शिरून मोटारीभोवती कापसाचे घरटे करतात. ते फिरत्या ड्रमला घासले की फरफर असा आवाज येतो, आणि वायरी कुरतडलेल्या असल्या तर आवाजापेक्षा मोठा धोका असतो. कुरतडलेली वायर दिसली तर ती बदलून होईपर्यंत प्लग लावू नये.

खडखड किंवा किणकिण आवाज असेल तर टब आणि बाहेरचे आवरण यांच्यामधली पोकळी तपासावी. खिशातले नाणे, टाचणी, साडीची पिन, पँटचा हूक, तुरीचे दाणे, सरकी, असे काहीही तिथे जाऊन बसते. टब हाताने एका बाजूला कलता करून लांब चिमट्याने किंवा टोक वाकवलेल्या तारेने ते काढता येते. पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल आणि टब संथ फिरत असेल, तर पाण्याचा निचरा होत नाही असे समजावे. काळ्या मातीचा गाळ नळीच्या वळणात साचून घट्ट होतो. शिवाय नळीचे तोंड ओट्यावर किंवा उंबऱ्यावर चढवून ठेवले असेल तर पाणी मागेच उभे राहते. नळी सोडवून धुवावी आणि तिचे तोंड जमिनीलगतच ठेवावे.

किंचाळल्यासारखा, धातू घासल्याचा आवाज आणि जोडीला रबर जळाल्याचा वास, ही ब्रेक अर्धवट लागून राहिल्याची खूण आहे. झाकण लावलेले असताना ब्रेकची पट्टी ड्रमपासून पूर्ण सुटते का, हे मागच्या बाजूने पाहावे. तार सैल झाली असेल, तर ती जिथे अडकवलेली असते तिथे थोडी ताणून घेण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते. मात्र इतकीही ताणू नये की झाकण उघडल्यावर ब्रेक लागणारच नाही. झाकण उघडल्यापासून साधारण १५ सेकंदांत टब थांबलाच पाहिजे. तो थांबत नसेल तर आवाज नसला तरीही ड्रायर वापरू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर, कारण फिरत्या टबातल्या कपड्याचा पीळ बोटे ओढून घेतो. ब्रेकच्या पट्टीला तेल लावून आवाज घालवण्याचा उपाय काही जण करतात. तसे कधीही करू नये, कारण त्याने आवाज जातो आणि ब्रेकही जातो.

टक-टक असा ठोका गतीबरोबर वाढत असेल, तर टबाचा शाफ्ट आणि ड्रम यांना जोडणारे बोल्ट ढिले झालेले असू शकतात. झाकण उघडे असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे टब हाताने सहज फिरत नाही. तो दोष नव्हे. परंतु ड्रम जागच्या जागी असताना टब थोडा जरी मागेपुढे हलला, तर जोड ढिला आहे. बोल्ट पान्याने आवळावेत आणि चेक-नट (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावलेला जादा नट) असल्यास तोही घट्ट करावा.

सील आणि स्प्रिंग

माझ्या मते जुन्या ड्रायरच्या आवाजाचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते, आणि म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. उन्हाळाभर कोरड्या हवेत पडून राहिलेले बेलोचे रबर कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात ड्रायर सुरू झाला की त्या भेगांतून थेंब थेंब पाणी थेट मोटारीवर आणि स्प्रिंगांवर पडते. प्रथम गंज चढतो, नंतर एक स्प्रिंग खचते किंवा तुटते, मोटार तिरकी होते आणि टब आवरणावर आपटू लागतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरच्या पाण्यातला क्षार हे काम फार लवकर उरकतो. घरातल्यांना केवळ आवाज ऐकू येतो, गळती दिसत नाही. मेकॅनिक स्प्रिंग बदलून जातो, सील तसेच राहते, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच आवाज सुरू होतो.

स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे. प्लग काढून टबाचा काठ तीन-चार ठिकाणी सारख्या जोराने खाली दाबावा. तो सगळीकडे सारखा दबून वर आला पाहिजे. एका बाजूला जास्त खचत असेल, किंवा रिकामा टबच आवरणाच्या मध्यभागी न राहता एकीकडे झुकलेला दिसत असेल, तर त्या बाजूची स्प्रिंग गेली आहे. बदलताना तिन्ही स्प्रिंग एकदम बदलाव्यात, कारण एक नवी आणि दोन जुन्या असल्या तर मोटार सरळ उभी राहत नाही. दुकानात जाताना जुनी स्प्रिंग नमुना म्हणून बरोबर न्यावी. उंची आणि तारेची जाडी वेगवेगळी असते.

सील तपासण्यासाठी निचऱ्याची नळी थोडा वेळ वर उचलून धरावी, पिळणाऱ्या टबात दोन तांबे पाणी ओतावे आणि मागून टॉर्चने मोटारीच्या वरची बाजू पाहावी. तिथे थेंब दिसला तर बेलो बदलणे आवश्यक आहे. त्यासाठी टब वर काढावा लागतो आणि गंजलेला शाफ्ट जोर लावल्यास वाकू शकतो, म्हणून हे काम जाणत्या माणसाकडून करवून घ्यावे. तोपर्यंत ड्रायर बंद ठेवावा, कारण ओली मोटार म्हणजे शॉक बसण्याची शक्यता. रबरावर खाद्यतेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल ओतू नये; त्याने रबर फुगते आणि गळती वाढते.

टब फिरत नाही, नुसता गुणगुणतो, असे झाले तर काही सेकंदांतच बटण बंद करावे, अन्यथा मोटारीचे वाइंडिंग जळते. यामागे कमी व्होल्टेज असू शकते. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर जवळपास ६० टक्क्यांवर येतो. गावच्या डीपीवर (वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) संध्याकाळी भार वाढलेला असताना असे होत असेल आणि सकाळी मशीन नीट चालत असेल, तर वेळ बदलणे एवढाच उपाय पुरे. सकाळीही गुणगुण राहिली आणि ब्रेक मोकळा असेल, तर कंडेन्सर, म्हणजे मोटारीला फिरायला सुरुवात करून देणारा भाग, बदलावा लागेल. त्यात पुरवठा बंद केल्यावरही वीज साठून राहते, म्हणून त्याच्या टोकांना घरी हात लावू नये. नवा घेताना जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचाच आकडा घ्यावा. रिकाम्या टबातही गतीबरोबर चढत जाणारी घरघर ऐकू येत असेल, तर मोटारीचे बेअरिंग किंवा बुश झिजले आहे. त्यावर घरी उपाय नाही.

दुरुस्ती झाल्यावर ड्रायर प्रथम रिकामा, नंतर दोन-तीन ओल्या कपड्यांवर आणि शेवटी नेहमीच्या भारावर चालवून पाहावा, आणि प्रत्येक वेळी प्लग काढून मोटारीखाली कोरडा कागद ठेवून त्यावर थेंब पडला का ते तपासावे. कागद कोरडा राहिला तर मागचे झाकण सगळ्या स्क्रूंसह बसवावे आणि तळाची उंदीर अडवणारी जाळी फाटलेली असल्यास ती त्याच वेळी बदलून घ्यावी.