स्वस्तातली सायकल: घ्यावी का, दुरुस्त करावी का?

सुपरमार्केटमधली स्वस्त सायकल घेताना शॉकॲब्सॉर्बर आणि २१ गिअरच्या स्टिकरला भुलू नका. त्या किमतीतला शॉक म्हणजे नुसतं वजन. साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि एकच गिअर असलेली जास्त टिकते.

आणल्या दिवशीच जोडणी तपासा, ती बहुधा घाईत केलेली असते. पुढचा चिमटा चक्क उलटा बसवलेलाही मी पाहिलाय! चाक उचलून हातानं फिरवा. खरखर जाणवली तर हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, कोन (आतले छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट) जास्त आवळलेत. रिम धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर डगडगली तर ढिले आहेत. कोन नीट बसवून ग्रीस भरलं की हब बरीच वर्षं चालतो. तसंच दामटत राहिलात तर छर्रे कोन खाऊन टाकतात.

जुन्या सायकलला केबल, ब्रेकचे रबर, ट्यूब घालायला हरकत नाही. मागचा ॲक्सल (चाकाच्या मधला दांडा) वाकलाय? तो सुटा मिळतो. पॅडल बदलताना एवढं लक्षात ठेवा, डाव्याचे आटे उलटे असतात.

चौकटीला वेल्डिंगजवळ तडा दिसला तर मात्र तिच्यावर पैसे घालू नका. चाकं, सीट काढून ठेवा, दुसरीला लागतील.