बांधकाम व्यवस्थापन शिकताय? सबमिशनमधल्या या चुका टाळा

चेंबूरच्या आमच्या साइटवर इंटर्नशिपला आलेल्या एका मुलीला मी प्लास्टरची मापं काढायला दिली होती. शेवटचं वर्ष, हुशार, एकही केटी नाही. तिनं प्रत्येक दरवाजाचं क्षेत्रफळ भिंतीच्या दोन्ही अंगांनी वजा केलं होतं. का, विचारलं तर म्हणाली, ‘‘सर, फाईलमध्ये असंच केलं होतं, सहीपण मिळाली.’’

फाईलवर सही मिळाली म्हणून माप बरोबर ठरत नाही. मोजमापाची पद्धत आयएस १२०० या भारतीय मानकात दिलेली आहे. ०.५ चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा किंवा खिडकी प्लास्टरमधून वजा करायचीच नसते. ०.५ ते ३ चौरस मीटरमधली असेल आणि दोन्ही अंगांना एकच प्लास्टर असेल, तर फक्त एका अंगाची वजावट. ३ च्या वर गेली की दोन्ही अंगं वजा, पण मग कडांचं प्लास्टर वेगळं मोजून द्यायचं. यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. दरवाजाच्या कडा ओळंब्यात भरायला गवंड्याचा बराच वेळ जातो, आणि त्याचा मोबदला त्या न केलेल्या वजावटीतून निघतो. १ मीटर बाय २.१ मीटरचा दरवाजा म्हणजे २.१ चौरस मीटर. १०० घरं, घरटी पाच दरवाजे धरा: १,०५० चौरस मीटरचं झालेलं काम बिलातून गायब झालं असतं. त्यात माणसांची मजुरी होती. एस्टिमेशनला ‘स्कोअरिंग सब्जेक्ट’ म्हणून बाजूला टाकणारी मुलं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

सळईच्या तक्त्यातही असंच होतं. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ करून मीटरमागे किलोत वजन सगळेच काढतात, आणि ते बरोबरही असतं. विसरतात ते हे, की सळई १२ मीटर लांबीची येते. तुमच्या बीमला ५.२ मीटरचे तुकडे लागत असतील, तर एका सळईतून दोनच निघतात आणि १.६ मीटरचा तुकडा उरतो, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त. तो तुकडा कुठे वापरायचा, लॅप (दोन सळयांचा एकमेकींवर चढवलेला जोड) कुठे द्यायचा, वरची जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्यांना किती सळई जाईल, हे तक्त्यात आलं नाही तर त्याला बार बेंडिंग शेड्यूल म्हणायचं कशाला? तक्ता झाला की एकदा सळई बांधणाऱ्या फिटरला दाखवा. तो दोन मिनिटांत चूक काढतो. जाताना त्याची भाषाही शिकून घ्या. तो १२ मिमीला चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हणेल, १६ ला पाच आणि २० ला सहा. रेती-खडीचा हिशेब ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, जवळपास २.८३ घनमीटर. फाईल घनमीटरमध्ये आणि ट्रकसोबत आलेलं चलन ब्रासमध्ये असलं की नवखा इंजिनिअर ट्रक रिकामा होईपर्यंत नुसता उभा राहतो.

आता शेड्यूल. सॉफ्टवेअर येतं, रंगीत बारचार्ट निघतो, क्रिटिकल पाथ, म्हणजे उशीर झाला तर सगळा प्रकल्प लांबवणारी कामांची साखळी, लाल दिसतो, आणि त्यात पाऊसच नसतो! मुंबईत जून ते सप्टेंबर खोदाई आणि बेसमेंट कसं चालणार? पंप किती, माती उचलणारे डंपर कसे येणार, खड्ड्याची बाजू ढासळू नये म्हणून काय केलंय, याचा विचार कॅलेंडरमध्ये उतरला पाहिजे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी पहिल्यांदा हेच तपासतो: प्लिंथ, म्हणजे जोत्यापर्यंतचं काम, पावसाआधी पडतंय की नंतर?

दुसरी चूक टेकूंची. स्लॅब भरला की आठवड्यात वरचा मजला, असं बिनधास्त लिहिलेलं असतं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक सांगतं की स्लॅबखालचं सेंट्रिंग (साच्याच्या फळ्या) ३ दिवसांनी काढता येतं, पण टेकू लगेच परत लावायचे. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू किमान ७ दिवस राहिले पाहिजेत, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. ६ मीटरपेक्षा लांब बीमखाली २१ दिवस. म्हणजे एका वेळी दोन-तीन मजल्यांचे टेकू अडकून राहतात. तेवढे टेकू साइटवर आहेत का, नसतील तर भाडं किती, हे शेड्यूलमध्ये नसेल तर ती तारीख कागदावरच राहते. हा प्रश्न व्हायवात कुणी विचारत नाही. मी मुलाखतीत विचारतो.

जागेचंही तसंच. साइट लेआउटच्या ड्रॉइंगमध्ये सळईचं यार्ड, सिमेंटचं गोदाम, मजुरांच्या खोल्या असं सगळं ऐसपैस मांडलेलं असतं. गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासात गेटमधून काँक्रीटचा एक मिक्सर ट्रक आत आला की दुसरा रस्त्यावर थांबतो. प्लांटमध्ये तयार होऊन येणारं रेडीमिक्स काँक्रीट ट्रकमध्ये भरल्यापासून साधारण दोन तासांत खाली करायचं असतं, आणि उशीर झाला की कुणीतरी नळी लावून पाणी सोडायला बघतं. ते होऊ न देणं हीच तुमची नोकरी असणार आहे.

कव्हरबद्दल, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराबद्दल, थोडक्यात. प्रोजेक्ट वरळीचा आणि कव्हर पुस्तकातल्या उदाहरणातलं २० मिमी, असं मी अनेकदा पाहिलंय. समुद्रकाठच्या हवेत उघडं राहणारं काँक्रीट आयएस ४५६ मध्ये ‘सिव्हिअर’ गटात येतं. तिथे ४५ मिमी कव्हर आणि किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट. या शहरात जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली गंजून उघड्या पडलेल्या सळया दिसतात. त्या बघत चाला, कव्हरचा तक्ता लक्षात राहील.

करार आणि कायद्याचा पेपर बहुतेक जण आदल्या रात्री गाइडवर काढतात. पण २०१६ च्या रेरा या घरखरेदीदारांच्या हिताच्या कायद्यानं ताबा लांबला की ग्राहकाला व्याज मागता येतं, आणि ताब्यानंतर ५ वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी विकासकावर राहते. तुमच्या शेड्यूलची तारीख आणि तुमच्या क्यूब टेस्टचं (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचं) रजिस्टर उद्या रेराच्या सुनावणीत वाचलं जाऊ शकतं. निदान एक खरं टेंडर मिळवून त्यातल्या दंडाच्या, जादा कामाच्या आणि मुदतवाढीच्या अटी सावकाश वाचा.

इंटर्नशिप फक्त सर्टिफिकेटपुरती करू नका. काकांच्या ओळखीनं शिक्का मिळतो, पण सहा आठवडे वाया जातात. पहिल्या दिवशी बिलिंगवाल्यांकडून एक जुनं रनिंग बिल (काम चालू असताना काढलेलं टप्प्याचं बिल) आणि त्याची मेजरमेंट शीट मागा. एक खोली निवडा, टेप घेऊन जा, स्वतः मापं घ्या आणि त्यांच्या आकड्यांशी जुळवा. जुळलं नाही तर भांडू नका, विचारा. ती मुलगीही तशीच परत गेली होती पाचव्या मजल्यावर, आणि संध्याकाळी सगळी शीट नव्यानं मांडून घेऊन आली.