रॅफल्सची सिंगापूर स्लिंग: आधी इमारत बघा, मग ग्लास हातात घ्या, मग घरी करा

सिंगापूरला जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या यादीत रॅफल्स हॉटेलचा लाँग बार असतोच, आणि होतं काय की लोक टॅक्सीतून उतरून थेट बारमध्ये जातात, सिंगापूर स्लिंग या जिनच्या कॉकटेलचा गुलाबी ग्लास हातात धरून फोटो काढतात, शेंगा खातात, बिल भरतात आणि बाहेर आल्यावर म्हणतात, गोड सरबत होतं राव, त्यात काय एवढं. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. कारण ते ड्रिंक गुलाबी का आहे, त्यात अननसाचा एवढा रस का आहे, ते कुणी केलं आणि तो माणूस कुठल्या लोकांमधला, ही सगळी उत्तरं त्याच हॉटेलात आणि त्याच्या मागच्या दोन-तीन गल्ल्यांमध्ये आहेत, आणि ती बघून मग प्यायलं तर चवच वेगळी लागते. म्हणून माझ्या मते तासभर आधी जायचं आणि बाहेरून सुरुवात करायची.

एमआरटीनं (तिथली मेट्रो) सिटी हॉल किंवा एस्प्लनेड स्टेशनला उतरा, तिथून चालत पाच-दहा मिनिटं. मागच्या बाजूनं आत घुसू नका, वळसा घालून बीच रोडला या आणि रस्त्यापलीकडून इमारत बघा. रस्त्याचं नाव बीच रोड, पण समुद्र कुठेच दिसत नाही ना? 1887 मध्ये हॉटेल सुरू झालं तेव्हा समोर खरंच समुद्र होता, नंतर भराव टाकत टाकत किनारा लांब गेला. सुएझ कालवा 1869 ला सुरू झाल्यापासून युरोपातून पूर्वेकडे येणाऱ्या आगबोटी वाढल्या होत्या, आणि बोटीतून उतरलेल्या माणसाला चांगली खोली हवी असायची, हा साधा हिशोब सार्कीज बंधूंनी ओळखला. हे आर्मेनियन भाऊ, मूळचे इराणमधल्या इस्फहानकडचे, पेनांगला त्यांचं हॉटेल आधीच चालू होतं आणि पुढे रंगूनचं स्ट्रँडही त्यांनीच उघडलं. सिंगापुरात सुरुवात कशानं केली तर बीच रोडवरच्या एका जुन्या बंगल्यातल्या 10 खोल्यांनी. नाव दिलं 1819 साली तिथे ब्रिटिश ठाणं वसवणाऱ्या स्टॅमफर्ड रॅफल्सचं.

आत्ता समोर जी पांढरी तीनमजली इमारत दिसते ती मात्र 1899 ची, स्वान अँड मॅक्लॅरन फर्मच्या बिडवेल या आर्किटेक्टची. (गुडवुड पार्क हॉटेलची मनोऱ्याची जुनी इमारत पाहिली असेल तर तीही याच बिडवेलची.) इथे नुसते खांब आणि कमानी बघून पुढे जाऊ नका, व्हरांडे बघा. प्रत्येक मजल्याला खोल व्हरांडा, छतं भरपूर उंच, दारं-खिडक्या समोरासमोर. विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, एसी नसताना, गरम हवा वर जावी आणि ऊन-पाऊस भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून केलेली ही सगळी सोय आहे, शोभा नंतर. विजेचे दिवे आणि पंखे असलेल्या या भागातल्या पहिल्या हॉटेलांपैकी हे एक.

त्याच बाजूला बार अँड बिलियर्ड रूमची वेगळी इमारत आहे. वाघाची गोष्ट ऐकली असेल, बिलियर्डच्या टेबलाखाली वाघ मारला वगैरे. खरं असं की 1902 मध्ये जवळच्या एका प्राण्यांच्या खेळातून सुटलेला वाघ या इमारतीखाली जाऊन बसला होता, कारण इमारत जमिनीपासून उचलून खांबांवर बांधलेली होती आणि खाली मोकळी जागा होती, आणि तिथे त्याला गोळी घातली. टेबलाखाली नाही, इमारतीखाली. दमट हवेसाठी उचलून बांधलेलं घर, त्यामुळे घडलेली गोष्ट.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. जागतिक मंदीत सार्कीज बंधूंचं दिवाळं निघालं (1931), 1933 मध्ये नवीन कंपनीनं हॉटेल घेतलं, 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी नाव बदलून स्योनान र्‍योकान केलं, युद्ध संपल्यावर काही काळ सुटलेल्या युद्धकैद्यांची तिथे व्यवस्था होती. जपानी येताहेत म्हटल्यावर हॉटेलातल्या लोकांनी चांदीची भांडी पाम कोर्टच्या बागेत पुरून ठेवली होती, त्यात मांस वाढायची चांदीची गाडीसुद्धा होती, नंतर उकरून काढली. 1987 मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. मग 1989 ते 1991 हॉटेल बंद ठेवून दुरुस्ती, आणि 2017 ते 2019 पुन्हा एकदा.

1989-91 ची दुरुस्ती लक्षात ठेवा, कारण तेव्हाच बाजूचं शॉपिंग आर्केड बांधलं गेलं आणि लाँग बार तिथे हलवला. म्हणजे आज आपण जिथे बसतो ती जागा 1915 ची, म्हणजे हॉटेलच्या सांगण्यानुसार स्लिंग पहिल्यांदा झाली तेव्हाची, नाही. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर लोक त्या लाकडी काउंटरला हात लावून भारावून जातात. सजावट 1920 च्या दशकातल्या मलायाच्या मळ्यावरच्या घरासारखी केलेली आहे आणि मनापासून केलेली आहे, पण खरी जुनी वास्तू तुम्ही बीच रोडवरून बघून आलात तीच. राहायच्या खोल्यांचा भाग पाहुण्यांसाठी राखीव असतो, तिकडे पाटी दिसली की थांबा, आर्केडचे व्हरांडे आणि अंगणं मात्र निवांत फिरता येतात.

आता बारमध्ये. लेव्हल 2 वर आहे, आणि तिथली लेव्हल 2 म्हणजे आपला पहिला मजला, उगाच एक जिना जास्त चढू नका. संध्याकाळी रांग असते, दुपारी बार उघडल्या उघडल्या गेलात तर बहुतेक लगेच जागा मिळते. कपडे नीटनेटके असू द्या. दारूसाठी वय 18 पूर्ण लागतं, पासपोर्ट जवळ ठेवा. बसल्यावर आधी छताकडे बघा, ताडाच्या पानांचे पंखे एका लयीत मागेपुढे हलत असतात. मग टेबलावरच्या गोणपाटाच्या पिशवीतल्या भाजलेल्या शेंगा फोडून खायच्या आणि टरफलं सरळ जमिनीवर टाकायची. टिळकांची टरफलांची गोष्ट शाळेत शिकलेल्या आपल्याला हात धजावत नाही, त्यात कचरा टाकला तर दंड करणारा देश, पण इथे ती पद्धतच आहे, बिनधास्त टाका.

पैशाचं आधीच बघून घ्या. एका स्लिंगला साधारण 40 सिंगापूर डॉलर धरून चला. मेनूवर किमतीपुढे ++ असं असतं, त्याचा अर्थ 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी, म्हणजे 40 चे जवळपास 48 होतात. वेगळी टिप द्यायची पद्धत नाही. चौघं असाल तर चार मागवायलाच हव्यात असं काही नाही, दोन स्लिंग आणि दोन वेगळी ड्रिंक्स घ्या, न पिणाऱ्याला बिनदारूचं मागता येतं. काउंटरवर हँडल फिरवून एकदम बऱ्याच स्लिंग हलवणारं एक मशीन आहे, ते चालू असताना जवळ जाऊन बघा, मुलंसुद्धा खूष होतात.

आता मूळ मुद्दा. हॉटेल सांगतं की 1915 मध्ये तिथला बारटेंडर न्यिआम तोंग बून यानं ही स्लिंग केली. त्या काळी प्रतिष्ठित घरातल्या बायकांनी चारचौघांत दारू पिणं शिष्टसंमत नव्हतं, व्हरांड्यात पुरुष जिन पीत बसलेले आणि बायकांच्या हातात फळांचा रस. तर यानं जिनमध्ये अननस, लिंबू आणि लाल रंग घालून असं काहीतरी केलं की लांबून बघणाऱ्याला रसच वाटावा. जिन स्लिंग हा प्रकार सिंगापुरात त्याच्या आधीपासून होता, आणि नक्की साल, नक्की कृती यावर अभ्यासकांचे वाद आहेत, मूळ कृती हरवली आणि आजची नंतर जुळवलेली आहे असंही सांगतात. पण गोड आहे, सरबतासारखी आहे ही जी तक्रार लोक करतात, ती या ड्रिंकची चूक नाही, तोच त्याचा हेतू होता. हे कळलं की ते प्यायची रीत बदलते, हळूहळू प्यायला लागतो माणूस.

आणि न्यिआम हा हाईनान बेटाकडचा चिनी. हाईनानी लोक सिंगापुरात इतर चिनी गटांच्या मानानं उशिरा पोचले, तोवर व्यापार, बंदर, दुकानं बाकीच्यांनी धरलेली, मग हे लोक युरोपियनांच्या घरी, हॉटेलांत, बोटींवर आचारी आणि वेटर म्हणून लागले. त्यांची वस्ती कुठे होती माहितीये? रॅफल्सच्या अगदी मागे, मिडल रोड, पर्विस स्ट्रीट, सीह स्ट्रीट या पट्ट्यात. पुढच्या बाजूला रॅफल्स, सार्कीज, बिडवेल अशी नावं आणि ज्याच्या ड्रिंकमुळे जग तिथे येतं तो मागच्या गल्ल्यांमधल्या लोकांपैकी. म्हणून बारमधून निघाल्यावर मॉलकडे न वळता या गल्ल्यांत जा आणि तिथे हाईनानीज चिकन राइस खा. शाकाहारी असाल तर नुसतं फिरा, जुनी शॉपहाउसेस (खाली दुकान, वर घर) अजून उभी आहेत.

घरी करायची असेल तर एका ग्लासाचं हे माप, आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीतलं: जिन 30 मिली, चेरी लिक्योर (चेरीची गोड दारू) 15 मिली, क्वांत्रो (संत्र्याचं लिक्योर) 7.5 मिली, बेनेडिक्टीन 7.5 मिली, अननसाचा रस 120 मिली, लिंबाचा रस 15 मिली, ग्रेनाडीन (डाळिंबाचा पाक) 10 मिली आणि अँगोस्टुरा बिटर्सचा (कडू अर्क) एक शिंतोडा. 15 मिली म्हणजे मापाचा मोठा चमचा, 7.5 म्हणजे त्याचा अर्धा.

चेरी लिक्योर घेताना गोड, गडद लाल असलेलं घ्या (चेरी हीरिंग मिळालं तर उत्तम), किर्श (तीही चेरीचीच दारू) नको, ते बिनगोडाचं आणि बिनरंगाचं असतं, त्यानं सगळं बिघडतं. क्वांत्रोऐवजी कुठलंही बरं ट्रिपल सेक चालतं. बेनेडिक्टीन हे फ्रान्सचं वनौषधींचं लिक्योर, महाग आहे आणि लागतं थोडंसंच, पण ते घातलं नाही तर मात्र खरोखर नुसतं सरबत होतं, कारण गोडाच्या मागची ती औषधी, मधासारखी चव तिथून येते. अगदीच मिळालं नाही तर अर्धा छोटा चमचा मध आणि बिटर्सचा एक जास्तीचा शिंतोडा, जवळपास जातं, तेवढंच नाही. ग्रेनाडीन घरी करा, बाजारातली बरीचशी म्हणजे नुसता रंग आणि साखर: डाळिंबाचा रस आणि साखर समान घेऊन मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळायचं नाही.

सगळ्यात जास्त लक्ष अननसावर द्या, अर्ध्याहून जास्त ग्लास तोच आहे. पिकलेला ताजा अननस मिक्सरमधून काढून गाळणीनं गाळा, फडक्यातून नको, रस अगदी पाण्यासारखा होतो. ताज्या रसाला हलवल्यावर वर जो पांढरट गुलाबी फेस येतो तो पाकिटातल्या रसाला तसा येत नाही, आणि फेस नसलेली स्लिंग बघायलाही उदास वाटते. रस आधी चाखा, फार आंबट असेल तर लिंबू 10 मिलीवर आणा.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची अर्धा लिटरची काचेची बरणी घ्या, लहान नको, बर्फाला हलायला जागा लागते. सगळं घालून मोठे बर्फाचे तुकडे टाका आणि 15 सेकंद जोरात हलवा, बरणी बाहेरून धुरकट होऊन हाताला बोचेपर्यंत. मग नवीन बर्फ घातलेल्या उंच ग्लासात गाळा, हलवलेला बर्फ आत जाऊ देऊ नका, तो अर्धा वितळलेला असतो. वर अननसाची फोड आणि चेरी.

एक गोष्ट पाहुण्यांना जरूर सांगा. यातली सगळी दारू धरली तर ती 54 मिली जिनच्या बरोबरीची होते, म्हणजे लार्ज पेगला थोडीच कमी, आणि चव मात्र अजिबात तसं सांगत नाही. दोन झाल्या की थांबायचं, आणि गाडी चालवायची नाही.

जास्त लोक असतील तर प्रत्येक ग्लासाला चार बाटल्या उघडत बसू नका. आठ जणांसाठी जिन 240, चेरी लिक्योर 120, क्वांत्रो 60 आणि बेनेडिक्टीन 60 मिली एका स्वच्छ बाटलीत आदल्या दिवशीच मिसळून ठेवा. प्रत्येक ग्लासाला या मिश्रणाचे 60 मिली, त्यात वरच्या मापानं अननस, लिंबू, ग्रेनाडीन, बिटर्स, आणि हलवा. एका बरणीत एका वेळी एकच ग्लास करा, दोन घातले की फेस येत नाही. उरलेलं मिश्रण बाटलीत बरेच दिवस टिकतं, ग्रेनाडीन फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे, रस मात्र त्याच दिवशी काढायचा, आणि लिंबू तर लोक येऊन बसल्यावरच पिळायचं.