सहसंयुज बंध: पाणी उकळलं म्हणून रेणू तुटत नाही, आणि बाकीच्या चुका

दहावी-अकरावीचे केमिस्ट्रीचे पेपर तपासायचे म्हणजे त्याच त्या चुकांभोवती लाल पेनाने गोल काढत बसायचं. बॅच बदलते, पोरं बदलतात, चुका मात्र वडिलोपार्जित जमिनीसारख्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक आधी. प्रश्न असतो, मिथेनचा उत्कलनांक एवढा कमी का? उत्तर ठरलेलं: "कारण सहसंयुज बंध दुर्बळ असतात." संपलं, दोन मार्क द्या सर. (सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेऊन बनलेला बंध.) अहो पण मिथेन उकळतो उणे १६१ अंशाला, म्हणजे तुमच्या-माझ्या घरातल्या तापमानाला तो कधीचाच वायू झालेला असतो, आणि वायू झाल्यावरही तो मिथेनच असतो ना? कार्बनला चार हायड्रोजन तसेच चिकटलेले असतात. बंध उकळताना तुटले असते तर खाली काजळी आणि वर हायड्रोजन मिळाला असता.

एका प्रिलिमला अख्ख्या बॅचने हेच वाक्य लिहिलं, शब्दही तेच. सगळ्यांचे मार्क कापले. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील गाईड घेऊन हजर, पानाला बोट लावून ठेवलेलं. "सर, हे बघा, छापलंय." खरंच छापलं होतं. मी म्हटलं, तुमच्या घरच्या सिलिंडरमध्ये काय आहे? प्रोपेन आणि ब्युटेन, दाबाखाली द्रवरूपात. रेग्युलेटर उघडला की द्रवाचा वायू होतो, तेव्हा एकही बंध तुटत नाही, फक्त रेणू एकमेकांपासून सुटे होतात. तोच वायू पुढे बर्नरवर जळतो, तिथे बंध तुटतात, नवे बनतात आणि कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. बंध इतके लेचेपेचे असते तर काडी लावायची गरजच पडली नसती. त्यांना पटलं, मान डोलावली, आणि मग म्हणाले, "ते ठीक आहे हो सर, पण बोर्डाचा तपासणारा तर मार्क देईल ना?" यावर काय बोलणार. देईलही कदाचित. पण हेच पोरगं अकरावीत हायड्रोजन बंध (नावात बंध, पण बहुतेकदा दोन रेणूंमधलं आकर्षण) शिकायला बसलं की त्याच्या डोक्यात पार खिचडी होते, आणि ती निस्तरायला परत आम्हीच.

आकडेच बघायचे तर पाण्याचे बघा. १८ ग्रॅम पाणी, म्हणजे एक मोल. १०० अंशाला त्याची वाफ करायला साधारण ४१ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्यातले सगळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायचे म्हटले तर ९०० किलोज्यूलच्या वर. वीस पटीहून जास्त! गॅसवरच्या पातेल्यात जे बुडबुडे येतात ते वाफेचे असतात, हायड्रोजन-ऑक्सिजनचे नाहीत. दरवर्षी कोणीतरी तसं लिहितंच, आणि मला प्रश्न पडतो की मग स्वयंपाकघराचा स्फोट कसा होत नाही.

माझी सवय सांगतो. उत्कलनांक, द्रवणांक असा शब्द दिसला की मी समासात दोन शब्द लिहितो: 'आतलं' आणि 'मधलं'. आतलं म्हणजे रेणूच्या आतला बंध, मधलं म्हणजे दोन रेणूंमधलं आकर्षण. मग विचारायचं, पदार्थ बदलला का? डांबराची गोळी कपाटात हळूहळू उडून जाते, वास येतो तो नॅफ्थलीनचाच, म्हणजे सुटलं ते मधलं. उत्तरात 'आंतररेण्वीय बल क्षीण असतं' असंच यायला हवं.

दुसरी माझी लाडकी चूक इलेक्ट्रॉन-ठिपका संरचनेतली, म्हणजे अणूंचे बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवायचं चित्र. पोरं आधी चित्र काढतात आणि मग ठिपके कुठे बसतात ते शोधतात. घाई. ती पाच सेकंदांची ट्रिक दाखवणारे व्हिडिओ बघून आलेले तर विचारूच नका. कार्बन डायऑक्साइड काढा म्हटलं की दोन्हीकडे एकेरी बंध आणि कार्बनला चारच इलेक्ट्रॉन, अष्टक (भोवती आठ इलेक्ट्रॉन हवेत तो नियम) गेलं उडत. आधी मोजा ना. कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६ आणि ६, एकूण १६. तेवढेच ठिपके कागदावर हवेत, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी बेरीज कोपऱ्यात लिहून त्याला चौकोन करतो, आणि चित्र झाल्यावर परत मोजतो. दोन दुहेरी बंधांत ८ गेले, प्रत्येक ऑक्सिजनवर दोन लोन पेअर (बंधात न वापरलेल्या जोड्या) म्हणजे आणखी ८. बसलं.

लोन पेअर विसरणं हा याच घाईचा भाऊ. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये एकूण ३२ हवेत, पोरं चार बंधांचे ८ काढून पेन खाली ठेवतात, बाकीचे २४ गायब! अमोनियातली नायट्रोजनवरची जोडी विसरलात तर पुढे अमोनियम आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) कसा बनला ते कधीच कळणार नाही, कारण येणारा हायड्रोजन आयन त्या जोडीवरच बसतो.

बाकीच्या पटापट. सोडियम क्लोराइडमध्ये सामायिक जोडी काढू नका, तिथे इलेक्ट्रॉन दिला-घेतलाय. 'सहसंयुज पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत' लिहिण्याआधी चहात साखर घालून बघा. 'वीज वाहत नाहीत' लिहिताना ग्रॅफाइट आठवा, आणि हायड्रोजन क्लोराइड वायू पाण्यात विरघळला की आयन होतात आणि द्रावणातून वीज वाहते, हेही.

शेवटची जरा हुशार पोरांची. 'मधलं क्षीण' हे एकदा पाठ झालं की ते सगळीकडे ठोकून देतात, अगदी हिऱ्यालाही. हिऱ्यात सुटे रेणूच नाहीत, प्रत्येक कार्बन चार कार्बनना बांधलेला, सलग जाळं. वाळूतल्या सिलिकाचंही तसंच, सिलिकॉनला चार ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये. कार्बन डायऑक्साइड आणि सिलिकॉन डायऑक्साइड, नावं सख्ख्या भावांसारखी, पण एकाचा कोरडा बर्फ उणे ७८ अंशाला थेट वायू होतो आणि दुसरा वितळायला १७०० अंशांच्या आसपास जावं लागतं, कारण तिथे खरोखरच आतले बंध तोडावे लागतात.